नातीच्या ठोक्यांचा ताल

प्रश्न : माझी नात चार वर्षांची आहे. नाडी एकसारखी लागत नाही म्हणून राजारामपुरीतील बालरोगतज्ज्ञांनी तिचा ईसीजी काढला. त्यावर ‘सायनस अरिदमिया’ असे लिहिले असून काळजीचे कारण नाही, असे ते म्हणाले. माझ्या मुलाच्या मनगटी घड्याळात ‘एचआरव्ही’चा, म्हणजे ठोक्यांमधील अंतराच्या चढउताराचा आकडा दिसतो. तसा आकडा नातीच्या ईसीजीवरून काढता येईल का?
– एक आजी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या डॉक्टरांचे म्हणणे योग्य वाटते. नात गाढ झोपलेली असताना तिच्या नाडीवर बोट ठेवून पाहा. श्वास आत घेताना ठोके थोडे जलद आणि सोडताना थोडे संथ होत असल्याचे जाणवेल. यालाच ‘सायनस अरिदमिया’ म्हणतात. मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा लगाम श्वासागणिक सैल आणि घट्ट होतो, त्याचा हा परिणाम असून निरोगी मुलांत तो मोठ्यांपेक्षा ठळक असतो.

आता मोजमापाविषयी. ईसीजीचा कागद सामान्यतः सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक बारीक चौकोन 40 मिलिसेकंदांचा. मिनिटाला 100 ठोके असतील तर दोन ठोक्यांत 600 मिलिसेकंद, अर्थात 15 चौकोन. लागोपाठच्या अंतरांतील फरक मात्र अनेकदा एका चौकोनातच मावतो, तो डोळ्यांनी कसा मोजणार? शिवाय नेहमीच्या ईसीजीत जेमतेम दहा सेकंदांची नोंद असते. युरोप व उत्तर अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांच्या 1996 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अल्पकालीन मोजणीसाठी पाच मिनिटांची, तर दीर्घकालीन मोजणीसाठी 24 तासांची संगणकीय नोंद घेतात.

चार वर्षांचे मूल पाच मिनिटे निश्चल पडून राहील, हे आजीला कोणी सांगायला नको! हालचालीमुळे एक ठोका जरी यंत्राच्या नजरेतून निसटला, तरी 600 चे अंतर 1200 होते आणि चढउताराचा आकडा खोटाच फुगतो. म्हणून जाणकाराने संपूर्ण नोंद डोळ्यांखालून घालून असे दोष आणि अवेळी पडलेले ठोके वगळावे लागतात. दुसरी अडचण श्वासाची आहे. प्रौढांच्या पद्धतीत श्वासाशी निगडित चढउतार 0.15 ते 0.40 हर्ट्झ या पट्ट्यात, म्हणजे मिनिटाला 9 ते 24 श्वासांच्या गतीत शोधतात. लहान मुलांचा श्वास याहून जलद असू शकतो, त्यामुळे पट्ट्याची वरची मर्यादा वाढवली नाही तर नेमका हवा तोच भाग मोजणीबाहेर राहतो. ताप, रडणे किंवा धावपळ यांनी ठोके वाढले की चढउतार एरवीही आक्रसतात. घड्याळ तर बहुधा मनगटातील रक्तप्रवाहावर प्रकाश टाकून अंदाज बांधते आणि त्याचे हिशेब प्रौढांसाठी बेतलेले असतात. म्हणून आपल्या मुलाच्या घड्याळातील आकडा नातीच्या आकड्याशेजारी मांडू नये.

त्यामुळे केवळ या शेऱ्यासाठी अशी मोजणी करून घेण्याची गरज नाही. मात्र नातीला भोवळ आली, खेळताना ती बेशुद्ध पडली किंवा घराण्यात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असेल, तर तो ईसीजी घेऊन बाल-हृदयरोगतज्ज्ञांना विनाविलंब भेटावे.