शकिरा ऐकायचीय? १९९८ पासून सुरुवात कर

नुसत्या 'हिप्स डोन्ट लाय' या गाण्यावरून कोलंबियाची गायिका शकिरा हिचा अंदाज बांधू नकोस. आधी १९९८ चा 'दोन्दे एस्तान लोस लाद्रोनेस' हा स्पॅनिश अल्बम अथपासून इतिपर्यंत ऐक. बोगोटाच्या विमानतळावर नव्या गाण्यांचे बोल असलेली तिची बॅग चोरीला गेली होती. 'चोर कुठे आहेत?' हे नाव त्यातूनच आलं.

त्यातलं 'इनेव्हिताब्ले' हे गाणं मात्र हेडफोन लावूनच. संथ गिटारवर ती सांगून टाकते, मला कॉफी करता येत नाही, फुटबॉलमधलं काही कळत नाही. आणि ध्रुवपदाला तोच आवाज उसळून वर चढतो, मागे रॉकचा दणका! ओळींचे अर्थ शेजारी उघडे ठेव, बाई लिहिते फार सुरेख. याच अल्बममधल्या 'ओखोस आसी' गाण्यात अरबी ओळीही येतात. वडिलांकडून तिला लेबनॉनचा वारसा आहे. इंग्रजी अल्बम नंतर घे, घाई नाही.