वजनाचं ऑपरेशन झालं, मग पोटात रक्ताची गुठळी कुठनं आली?

प्रश्न : डॉक्टर, आमच्या ह्यांचं वजन कमी करायचं स्लीव्हचं, म्हणजे जठर कापून लहान करायचं ऑपरेशन पुण्यात झालं. चौथ्या दिवशी चालत घरी आले, पण पंधरवडा होतोय तोवर पोटात दुखायला लागलं, मळमळ, काही जाईना. सगळे म्हणाले गॅस असेल. शेवटी सीटी स्कॅन केला तर पोर्टल व्हेनमध्ये गुठळी! सासूबाई म्हणतात कापताना काहीतरी चुकलं. खरंय का? आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या आता जन्मभर का?
— एक भगिनी, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, कापताना चूक झाली तरच गुठळी होते असं नाही, सासूबाईंना तेवढं सांगा. आतड्यांचं रक्त लिव्हरकडे नेणारी मोठी शीर म्हणजे पोर्टल व्हेन. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्या दाबानं तिथलं रक्त मंदावतं, शिवाय जठर कापताना प्लीहेकडच्या बारीक शिरा बंद कराव्या लागतात, आणि लठ्ठ माणसाचं रक्त मुळातच लवकर गोठतं. तरी हे शंभरात एखाद्याला, किंवा त्याहून कमी जणांना होतं.

पण घरी आल्यावर जे होतं ना, त्याकडं कुणाचं लक्षच नसतं. गंगावेशीत कट्ट्यावर उभ्याउभ्या धारोष्ण दुधाचा ग्लास संपवणारा माणूस, त्याला आता दोन घोटात पोट भरल्यासारखं वाटतं, मग तो पाणीच टाळतो, लघवी पिवळीधमक होते आणि रक्त घट्ट होत जातं. म्हणून दिवसभर घोट घोट करत दीडेक लिटर तरी पोटात गेलं पाहिजे. सिगारेट असेल तर ती पण बंद.

पायातली गुठळी लोकांना माहीत असते, पाय सुजतो, दिसतं. हिचं दिसत काहीच नाही. साध्या सोनोग्राफीत गॅसमुळं सुटू शकते, म्हणून काँट्रास्ट, म्हणजे शिरा स्पष्ट दिसायचं औषध, देऊन सीटी. तुम्ही तो केलात हे बरं झालं, कारण उशीर झाला की आतडं काळं पडतं आणि मग ते कापून काढायची वेळ येते.

गोळ्या बहुतेकांना 3 ते 6 महिने. रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष निघाला तर जास्त, त्याची तपासणी करायची का हे डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करायची गोळी वॉरफेरिन असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीचा आकडा) 2 ते 3 मध्ये ठेवतात. पालेभाजी कमी-जास्त झाली की तो आकडा हलतो, त्यासाठी मेथी-पालक सोडू नका, फक्त एक दिवस ढीगभर आणि आठवडाभर काहीच नाही असं नको. मेडिकलमधनं आपल्या मनानं पेनकिलर तर अजिबात आणू नका, जठरात अल्सर होतो आणि रक्त पातळ असल्यानं रक्तस्राव थांबत नाही. काळी शी, ताप, पोटात वाढती कळ, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टी गाठायची. आणि सासूबाईंचा काढा, त्यात काय काय पडतं ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.