'ड्यून' अर्ध्यावर सोडण्याआधी

पन्नास पानांतच 'ड्यून' कंटाळवाणी ठरवू नकोस. फ्रँक हर्बर्टच्या या १९६५ च्या कादंबरीत अनोळखी शब्द फार आहेत, पण शेवटी शब्दसूची दिली आहे. तिथे बोट ठेवूनच वाच, मीही तशीच वाचली. अराकिस या वाळवंटी ग्रहावर पाणी किती मोलाचं आहे ते उमगलं, की राजकारणही उलगडतं. अंगातला ओलावा परत वापरणारा स्टिलसूट मला तर सगळ्या लढायांपेक्षा जास्त आवडतो!

मत देताना नुसतं 'भारी' किंवा 'बोअर' म्हणू नकोस. कुठला प्रसंग, का, ते सांग. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्किनशी तुलना जपून कर. तिथली जादू बरीचशी गूढच राहते, इथे वाळवंटाच्या पर्यावरणाचा हिशोब मांडलेला आहे. आणि शेवट सांगण्याआधी समोरच्याने कादंबरी वाचली आहे का, ते विचार.