नागपूर न सोडता चरित्र अभिनेता म्हणून पोट भरता येतं का?

हो, येतं, पण नुसत्या नागपूरच्या प्रयोगांवर नाही. झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या रंगभूमीचा रस्ता धरावा लागतो. मी सात हंगाम तिथे बाप, पाटील, सासरा अशाच भूमिका करतोय, त्यावरून सांगतो. दिवाळी ते होळी हा हंगाम. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटकं होतात. बहुतेक मंडळ्यांची ऑफिसं गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात आहेत, बुकिंग तिथूनच होतं आणि नटाला पैसे नाइटवर, म्हणजे प्रयोगागणिक मिळतात. तरणे हिरो बरेच भेटतात, पण केस पांढरे दिसायला झिंक लावून पहाटे चार वाजता मुलीच्या पाठवणीला शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला रडवणारा बाप मिळत नाही. म्हणून अशा नटाला मान आहे. प्रॉम्प्टरकडून वाक्य कानावर पडलं की तोंडून ते स्वतःचं होऊन निघालं पाहिजे, खरी तालीम हीच. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली.

पडद्याचं विचाराल तर नागपूरचे वीरा साथीदार ‘कोर्ट’ या मराठी सिनेमातल्या लोकशाहिराच्या भूमिकेने जगभर पोचले. पण ते मुळात चळवळीतले कार्यकर्ते, त्यांच्यासारखी संधी चालून येईल असं धरून बसू नका.

एक अडचण मात्र आहे: होळीनंतरचे महिने कोरडे जातात. शेती, शिकवणी, दुकान, काहीतरी हाताशी ठेवाच.