वाचकांचे प्रश्न : बर्फाचं क्षेत्र जुळलं, तरी मॉडेल बरोबर असेलच असं नाही

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी आर्क्टिकच्या समुद्राचं आणि बर्फाचं मॉडेल चालवते आहे. हवेची आकडेवारी ईआरए-५ची (निरीक्षणं आणि हवामान-मॉडेल जुळवून तयार केलेली जागतिक नोंद). सप्टेंबरमधलं बर्फाचं क्षेत्र उपग्रहाशी जुळतं, तरी मार्गदर्शक समाधानी नाहीत. आणखी काय तपासू?
– विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आधी कशाची तुलना कशाशी करताय ते बघा. उपग्रहाचा जो आकडा बातम्यांत येतो, त्यात नकाशाच्या जाळीतला १५ टक्क्यांहून जास्त बर्फ असलेला चौकोन संपूर्ण धरतात. तुम्ही प्रत्येक चौकोनाला त्यातल्या बर्फाच्या प्रमाणाने गुणून बेरीज केली असेल, तर तुलनाच चुकली. शिवाय उन्हाळ्यात बर्फावर साचलेली पाण्याची डबकी मायक्रोवेव्ह उपग्रहाला उघड्या समुद्रासारखी दिसतात. म्हणून जुलै-ऑगस्टमधल्या बर्फाच्या प्रमाणावर फार विसंबू नका.

मग जाडी. खरी परीक्षा इथे आहे, कारण दोन उलट चुका एकमेकींना झाकून सप्टेंबरचा आकडा बरोबर आणू शकतात. ईआरए-५ ज्या मॉडेलवर उभं आहे त्यात समुद्री बर्फ सगळीकडे दीड मीटर जाड धरला आहे आणि त्यावर भुसभुशीत हिमाचा थरच नाही. त्यामुळे निरभ्र, शांत हिवाळी दिवसांत त्यातली पृष्ठभागालगतची हवा कित्येक अंशांनी जास्त उबदार निघते. ती वापरली की हिवाळ्यात बर्फ हवा तेवढा जाड होत नाही. मग बर्फाचं परावर्तन (ऊन परत फेकण्याचं प्रमाण) वाढवून उन्हाळ्यातलं वितळणं रोखायचा मोह होतो. क्षेत्र जुळतं, पण बर्फ वर्षभर चुकीचाच राहतो.

हिमवृष्टीचंही तसंच. हिमातून उष्णता बर्फाच्या साधारण एक षष्ठांश इतकीच वाहते, म्हणजे २० सेंटिमीटर हिमाची गोधडी जवळपास १.३ मीटर बर्फाइतकी उष्णता अडवते. हिवाळ्यात ती बर्फाची वाढ रोखते आणि वसंतात तोच पांढराशुभ्र थर वितळणं लांबवतो. परावर्तनाला हात लावण्याआधी हिमाची खोली तपासा. चौकोनातला बर्फ जाडीनुसार किती गटांत वाटलाय तेही बघा. चौकोनात एकच सरासरी जाडी धरली, तर पातळ बर्फाची भराभर होणारी वाढ हिशेबातून निसटते. ५ गट ठेवण्याची पद्धत आहे.

पडताळ्यासाठी २०१० मध्ये सोडलेल्या क्रायोसॅट-२ची ऑक्टोबर ते एप्रिलची जाडी घ्या. हा उपग्रह पाण्यावर आलेला भाग मोजतो. तो एकूण जाडीच्या जेमतेम एक दशांश असतो, म्हणजे मोजणीतली चूक जाडीत सुमारे दहापट होते. दहा-पंधरा सेंटिमीटरच्या फरकासाठी मॉडेल पिळत बसू नका. त्यापेक्षा नकाशा बघा : सर्वांत जाड बर्फ ग्रीनलंड आणि कॅनडाच्या द्वीपसमूहाच्या उत्तरेला हवा आणि सायबेरियाकडे तो पातळ होत जायला हवा. जाड बर्फ पूर्व सायबेरियाच्या समुद्रात साचत असेल, तर दोष उष्णतेच्या हिशेबात नसून वाऱ्यात किंवा बर्फाच्या हालचालीत असण्याची शक्यता जास्त.

म्हणून शेवटी वेग आणि दिशा. नॉर्वेचा संशोधक नान्सेन याच्या ‘फ्राम’ जहाजाच्या १८९३ ते १८९६च्या प्रवासात दिसलं होतं की बर्फ वाऱ्याच्या सुमारे २ टक्के वेगाने आणि वाऱ्याच्या २० ते ४० अंश उजवीकडे वाहतो. सैल बर्फासाठी ही कसोटी आजही उपयोगी पडते. बर्फ दाबाला किती विरोध करतो हे सांगणाऱ्या हिबलरच्या १९७९च्या सूत्रात बर्फाच्या बळाचा स्थिरांक साधारण २७,५०० न्यूटन प्रति चौरस मीटर घेतात. तो वाढवला की बर्फ मंदावतो आणि ग्रीनलंड आणि नॉर्वेची स्वालबार्ड बेटं यांच्यामधल्या फ्राम सामुद्रधुनीतून बाहेर पडणारा बर्फही घटतो. बर्फातला ताण काढायला लवचीक-सांद्र-सुघट्य (ईव्हीपी) पद्धत वापरत असाल, तर मॉडेल ज्या कालटप्प्यांनी पुढे सरकतं त्या प्रत्येकातले उपटप्पे मोजा. वेळ वाचवायला ते फार कमी केले, तर लवचीक लाटा विरत नाहीत आणि बर्फ फाकण्या-दबण्याच्या नकाशावर ठिपक्या-ठिपक्यांचा गोंधळ उमटतो.

प्रश्न : अक्षांश-रेखांशांची १ अंशाची साधी जाळी घेतली, तर उत्तर ध्रुवाजवळ मॉडेल कोसळतं. का?
– संगणक अभियंता, नाशिक

उत्तर : ८९.५ अंशांवर पूर्व-पश्चिम अंतर एक किलोमीटरच्याही आत येतं. एका कालटप्प्यात प्रवाहाने एका चौकोनापेक्षा पुढे जाऊ नये, ही अट तिथे मोडते. कालटप्पा लहान करत जाणं परवडत नाही. त्रिध्रुवी जाळी घ्या : तिचे उत्तरेकडचे दोन ध्रुव कॅनडा आणि सायबेरियाच्या जमिनीवर ठेवलेले असतात, समुद्रात एकही येत नाही. आणखी एक तपासा. पाण्याचा वेग चौकोनाच्या कोपऱ्यावर काढणाऱ्या जाळीत एका चौकोनाएवढी रुंद सामुद्रधुनी बंदच राहते. वेग कडांवर असेल, तर तीच खुली होते.

प्रश्न : अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात माझ्या मॉडेलमध्ये तिसाव्या वर्षानंतर बर्फात मोठं भगदाड पडतं आणि दर हिवाळ्यात पडतच राहतं. हे खरं मानायचं का?
– संशोधक विद्यार्थी, मुंबई

उत्तर : १९७४ ते १९७६ या हिवाळ्यांत तिथे प्रचंड भगदाड खरोखर पडलं होतं, आणि २०१६-१७ मध्ये मॉड राइज या समुद्राखालच्या पठाराजवळ त्याहून लहान. पण दरवर्षीचं भगदाड हा मॉडेलचा दोष. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशांजवळ गोठतं. इतक्या थंडीत घनता जवळजवळ सर्वस्वी क्षारतेवर ठरते. गोठताना बर्फ मीठ बाहेर टाकतो. ते अरुंद धारांतून खाली उतरतं, पण मॉडेल ते सगळ्यात वरच्या थरात सारखं पसरवतं. वरचं पाणी जड होऊन बुडतं, खालचं उबदार खोल पाणी वर येतं आणि बर्फ वितळवतं. एकदा हे चक्र सुरू झालं की थांबत नाही. आधी गोड्या पाण्याचा पुरवठा बघा : पाऊस-हिम आणि वितळणारे हिमनग. मग मॉडेल पाण्याच्या थरांचं मिश्रण कसं धरतं ते. क्षारता जबरदस्तीने निरीक्षणांकडे ओढून भगदाड बुजवणं शेवटी, कारण त्याने मूळ दोष लपतो. पहिली तीस वर्षं ठीक गेली याचंही आश्चर्य नको. बर्फ दहा-एक वर्षांत स्थिरावतो, खोल समुद्राला हजारो वर्षं लागतात.

प्रश्न : हे काम आपल्याकडे कुठे चालतं?
– वाचक, सावंतवाडी

उत्तर : पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पृथ्वी-प्रणाली मॉडेलमध्ये समुद्रासाठी एमओएम-४पी१ आणि बर्फासाठी एसआयएस हे घटक आहेत. सीएमआयपी-६ या जागतिक तुलनेत हे मॉडेल होतं. निरीक्षणांची बाजू गोव्यात वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र सांभाळतं. २०१४ मध्ये स्वालबार्डच्या काँग्सफ्योर्डमध्ये भारताने इंडआर्क ही यंत्रांची साखळी समुद्रात बुडवून ठेवली. तापमान आणि क्षारतेच्या तिथल्या नोंदी मॉडेल ताडून पाहायला उपयोगी पडतात.