जेनेरिक, म्हणजे औषधाच्या मूळ नावानेच विकल्या जाणाऱ्या, औषधाच्या लेबलवर कंपनीचे चिन्ह असले, तर ते प्रोप्रायटरी, म्हणजे कंपनीच्या मालकीच्या नावाचे, ठरते का? जीएसटीचा दर बदलतो का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. दर बदलत नाही. ॲलोपॅथिक औषध जेनेरिक आहे की प्रोप्रायटरी, यावर जीएसटीचा दर ठरत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवर ५ टक्के कर आहे, त्यापूर्वी तो बहुतेकांवर १२ टक्के होता, आणि काही जीवरक्षक औषधांवर आता कर नाही. पहिला प्रश्न मात्र उत्पादनशुल्काच्या, म्हणजे जीएसटीपूर्वी कारखान्यातील मालावर लागणाऱ्या कराच्या, काळातला आहे, आणि त्यावर मी अधिकाऱ्यांशी जेवढा भांडलो, त्याहून अधिक घरात भांडलो आहे.

मी बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका सलाईनच्या कारखान्यात उत्पादनशुल्काचे काम पाहत असे. आमच्या बाटलीच्या लेबलवर ठळक अक्षरांत ‘डेक्स्ट्रोज इंजेक्शन आय. पी.’ (आय. पी. म्हणजे भारतीय औषधकोश) असे छापलेले असे, त्याखाली प्रमाण, बॅच क्रमांक, मुदत, आणि उजव्या कोपऱ्यात अंगठ्याच्या नखाएवढ्या वर्तुळात कंपनीची दोन आद्याक्षरे एकमेकांत गुंफलेली. तपासणीला आलेल्या उत्पादनशुल्क अधीक्षकांनी त्या वर्तुळावर पेन्सिलीने खूण केली आणि पुढच्याच महिन्यात कारणे दाखवा नोटीस हाती पडली. माल ‘पेटंट किंवा प्रोप्रायटरी’ आहे, म्हणून जेनेरिकपेक्षा जादा लागणारे फरकाचे शुल्क भरा, असा तिचा मथितार्थ होता.

१९८५ च्या शुल्क कायद्यातील प्रकरण ३० च्या टिपेत प्रोप्रायटरी औषधाची व्याख्या होती. औषधावर किंवा वेष्टनावर असलेले नाव भारतीय औषधकोशासारख्या, औषधांची अधिकृत नावे देणाऱ्या ग्रंथांत नसेल, किंवा ते नाव अथवा चिन्ह औषधाचा आणि मालकाचा व्यापारी संबंध दाखवीत असेल, तर ते प्रोप्रायटरी. अधिकारी दुसऱ्या भागावर बोट ठेवीत. माझे मेहुणे करसल्लागार. तेही अधिकाऱ्यांच्याच बाजूचे. ‘‘भाऊजी, चिन्ह म्हणजे चिन्ह. पैसे भरून मोकळे व्हा आणि उद्यापासून ते वर्तुळ काढून टाका,’’ हे त्यांनी प्रत्येक सणावाराला, जेवणाच्या पानावर, मला ऐकवले. मला हा सल्ला तेव्हाही भित्रेपणाचा वाटला आणि आजही वाटतो. औषध नियमावलीचा ९६ वा नियम उत्पादकाचे नाव आणि पत्ता लेबलवर छापायलाच लावतो. एक कायदा ज्याची ओळख द्यायला सांगतो, त्याच ओळखीवर दुसऱ्या कायद्याने जादा शुल्क बसवायचे असेल, तर जेनेरिक म्हणून काही उरतच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ॲस्ट्रा फार्मास्युटिकल्सच्या प्रकरणात, ज्याचा निवाडा १९९५ साली प्रसिद्ध झाला, नेमका हाच पेच सोडवला. तेथेही माल डेक्स्ट्रोजचे इंजेक्शनच होते. कोणी बनवले हे सांगणारे घराण्याचे चिन्ह वेगळे आणि त्या विशिष्ट औषधाची ओळख असलेले चिन्ह वेगळे. पहिल्यामुळे औषध प्रोप्रायटरी होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच निवाड्याच्या आधारे आमची मागणी अपिलात रद्द झाली. मेहुण्यांनी त्याला नशीब म्हटले. निवाड्याची प्रत मी त्यांना दोनदा दिली आहे. त्यांनी ती वाचली असेल, असे मला वाटत नाही.

आता एक इशारा, जो खरे तर आधीच द्यायला हवा होता. हे सारे औषधकोशातील नावाने विकल्या जाणाऱ्या मालालाच लागू होते. त्याच डेक्स्ट्रोजला स्वतःचे बनवलेले नाव दिले असते, तर आमची बाजू पहिल्याच सुनावणीत कोसळली असती. शिवाय औषध कायद्यातील ‘पेटंट किंवा प्रोप्रायटरी’ची व्याख्या निराळी आहे, तेथे ॲलोपॅथीपुरते औषध औषधकोशात आहे की नाही हे पाहतात, म्हणून औषध परवान्यावरील शब्द करखात्यापुढे पुरावा म्हणून ठेवू नये. आजचा वाद औषध की सौंदर्यप्रसाधन असा असतो. बडोद्याच्याच उत्पादनशुल्क विभागाविरुद्ध बी. पी. एल. फार्मास्युटिकल्स सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २.५ टक्के सेलेनियम सल्फाइडचे सेल्सन शाम्पू नसून औषध आहे, असे १९९५ मध्ये ठरले. शाम्पूही आता ५ टक्क्यांत आल्याने ते भांडण थंडावेल. त्वचेच्या क्रीमचे मात्र नाही, कारण प्रसाधन ठरले तर तिच्यावर १८ टक्के लागतात. तुमच्या दुकानात अशा क्रीम असतील, तर उत्पादकाच्या बिलावरील वर्गीकरण क्रमांक आधी तपासा, आणि औषधावरील चिन्हाची चिंता सोडा.