‘गिरणीचं जातं’ खोडणाऱ्यांसाठी

प्रश्न : दक्षिण फ्रान्समधल्या बार्बेगाल इथल्या रोमनकालीन पीठगिरणीच्या उत्खननावर मराठीत टिपण लिहितो आहे. तिथल्या दळायच्या दगडांना मी ‘गिरणीची जाती’ म्हटलं. एका तपासनिसाने ‘जाते घरगुती असते, यांत्रिक गिरणीस हा शब्द लागू नाही’ असा शेरा मारून ‘चक्कीचे दगड’ केलं. दुसऱ्याने ‘चक्की हिंदी’ म्हणून तेही कापलं. काय ठेवू? आणि ‘गिरणीचे उत्खणन’ बरोबर आहे का? (एक वाचक, नागपूर)

शेवटचं आधी उरकतो. उत्खनन. खणणं मराठी, त्याला ण. खनन संस्कृत, त्याला न. आणि उत्खनन जागेचं होतं, गिरणीचं नाही. नागपुरात पुरातत्त्व सर्वेक्षणाची अख्खी उत्खनन शाखा आहे, पण आपल्या कानावर हा शब्द येतो तो ‘मुरमाचे अवैध उत्खनन’ या बातमीतूनच. मुरूम उपसून ट्रकात भरतात, म्हणून मुरमाचं उत्खनन ठीक. बार्बेगालची गिरणी कोणी ट्रकात भरून नेली नाही. ‘गिरणीच्या जागेचे उत्खनन’ लिहा आणि मोकळे व्हा.

आता पहिल्या तपासनिसांकडे वळतो. ‘यांत्रिक गिरणीला जाते चालत नाही’ हे वाक्य वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. अहो, जातं म्हणजेच यंत्र! अलंकारिक अर्थाने म्हणत नाही, शब्दच तो आहे. संस्कृत यंत्र, त्याला स्वार्थी (म्हणजे अर्थ न बदलणारा) ‘क’ लागून यंत्रक. प्राकृतात सुरुवातीच्या ‘य’चा ‘ज’ झाला, जसा यात्रेची जत्रा करताना आणि योग्याचा जोगी करताना झाला. ‘न्त्र’मधला र गळाला, न नाकात गेला आणि आधीचा स्वर लांबला. अंत्राचं आतडं झालं ते याच वाटेने. यंत्रक, जंतअ, जांतें, जातं. नाकातला तो न मराठीत पुसला गेला, पण छत्तीसगडी आणि भोजपुरीत शाबूत आहे. आमच्या गल्लीत घर बांधायला रायपूरकडचं एक कुटुंब आलं होतं. त्यातल्या आजीबाई ओट्यावरचं जुनं जातं पाहून ‘जांता’ म्हणाल्या, तेव्हा मला दोन हजार वर्षं एकदम दारात उभी राहिल्यासारखी वाटली. बायको म्हणाली, त्यांना पाणी तरी विचारा.

तेव्हा ‘जाते यांत्रिक नाही’ म्हणणं म्हणजे ‘जत्रेत यात्रा नसते’ म्हणणं. आणि ‘गोल गोल जाते म्हणून जाते’ ही व्युत्पत्ती शाळेच्या स्नेहसंमेलनात शोभते. तिला आमच्याकडे उत्तर देत नाहीत. ‘घरात असतो म्हणून घरोटा’ ही तिची खानदेशी बहीण. घरोटा आला घरट्ट या संस्कृत शब्दावरून, आणि घरट्ट म्हणजे दळायचा दगडच. घराचा तिथे काही संबंध नाही.

पण यंत्र हे नाव नेमकं दळायच्या दगडालाच का चिकटलं? इथे माझं एक मत आहे, ते कोणाला पटो न पटो. मुळात दळणं व्हायचं पाट्यावर. हडप्पा संस्कृतीच्या गावांमधून निघतात ते पाटे: मधे खोलगट झालेला लांबट दगड आणि वर पुढे-मागे रेटायचा वरवंटा. गुडघ्यांवर बसून सारं अंग त्यात घालायचं. दोन गोल तळ्यांचं (तळी म्हणजे जात्याचा एकेक दगड), खुंट्याला धरून फिरवायचं जातं आपल्याकडे आलं ते साधारण इसवी सनाच्या आगेमागे. म्हणजे कितीतरी पिढ्या दगडावर दगड घासून झाल्यावर अचानक घरात एक फिरणारी वस्तू आली. वरच्या भोकात मूठभर वैरा, खुंटा ओढा, कडेने पीठ पडतं! बायकांनी तिला ‘यंत्र’ नाही तर काय म्हणावं? आज कोणत्याही घरात ‘मशीन लावली का?’ विचारलं की कपडे धुण्याचीच मशीन समजतात. शिंप्याकडे मशीन म्हणजे शिवणाची. घरात यंत्र एकच असेल तर त्याला वेगळं नाव लागत नाही.

यावर एक संस्कृतज्ञ मित्र नेहमी आडवे येतात. यंत्र हा शब्द ‘यम्’ म्हणजे धरणे, आवरणे यावरून आला, सुश्रुताने शल्यकर्मातली १०१ यंत्रं सांगितली आहेत, त्यात दळण कुठे, असं त्यांचं म्हणणं. मान्य! मशीनही शेकडो प्रकारची असतात. वैद्याच्या घरी यंत्र म्हणजे चिमटा असेल, पण स्वयंपाकघरात कोणतं यंत्र होतं ते वैद्याला नव्हे, वैद्याच्या बायकोला विचारायला हवं होतं. मित्रांचा यावर गेली सहा वर्षं खुलासा आलेला नाही.

चक्की कापणारे दुसरे तपासनीस बहुधा घाटापलीकडचे असावेत. चक्की ही चक्राची लेक, मराठी चाकाची सख्खी बहीण. औरंगाबादला दर्ग्यातल्या फकिरांसाठी पाण्यावर धान्य दळायची सोय होती, तिला सारा महाराष्ट्र पाणचक्की म्हणतो, तेव्हा हिंदी आठवत नाही. आमच्याकडे दयन चक्कीवरच नेतात (दळण हो, वऱ्हाडात ळ चा य होतो, डोळ्याचा डोया होतो, त्यावरही नाक मुरडून झालेलं आहे) आणि मिल म्हणजे कापडाची, १८७७मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसारखी. मुंबईकराला दोन्हींना गिरणी म्हणून संदर्भाने ओळखावं लागतं, नागपूरकराला लागत नाही. मग भाषा कोणाची नेटकी?

हां, तुमचं टिपण. बार्बेगालला डोंगरउतारावर आठ-आठच्या दोन रांगांत सोळा पाणचाकं होती, एकाचं पाणी खालच्यावर. लाकूड कुजून गेलं, पण त्यावर चढलेली चुन्याची पुटं राहिली, आणि गिरणी वर्षातले काही महिने बंद असायची हे संशोधकांनी २०१८मध्ये त्या पुटांवरूनच ताडलं. चाकं पाण्याने फिरोत, विजेने फिरोत की सासुरवाशिणीच्या हाताने, शेवटी धान्य भरडतं दोन तळ्यांमध्येच, आणि गिरणीच्या दगडालाही टाकी लावावी (छिन्नीने ठोकून खरखरीत करावा) लागतेच. ‘गिरणीची जाती’ ठेवा. ‘चक्की’ लिहिलीत तरी मी तुमच्या बाजूने.

फक्त पाट्याला जातं म्हणू नका. एका संग्रहालयात खोलगट लांबट पाट्याखाली ‘प्राचीन जाते’ अशी पाटी होती. मी तिथल्या माणसाला वीस मिनिटं समजावलं, यंत्रकापासून सुरुवात करून. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘पण सर, दोन्हीतून पीठच निघते ना?’’ पाटी अजून तीच आहे.